मोजणीसर

सरकारी मोजणीदार शेतावर आला की दोन्ही भाऊ आपापल्या बांधावर येऊन उभे राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मोजणी उरकून तो गेला की दोघांचीही खात्री पटलेली असते की आपलीच जमीन कमी भरली. आमच्या अध्यापक महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये मोजणीसर कागदांचा गठ्ठा घेऊन शिरले की हीच कळा येते. गप्पा थांबतात. कोणी मोबाइल कानाला लावतं, कोणाला अचानक तास आठवतो. सर दारातच अंगठ्याला थुंकी लावून कागद सुटे करू लागलेले असतात. "फक्त सात मिनिटं," ते म्हणतात. "नाव लिहायचं नाही. सगळं गोपनीय आहे." आणि प्रपत्राच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक क्रमांक टाकून ते तुमच्या हातात देतात, म्हणजे कोणी परत दिलं नाही ते नंतर कळावं.

त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकात आहे आणि ते तिथेच राहू दे. हे नाव विद्यार्थ्यांनी पाडलं आणि सरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "किती टक्के विद्यार्थी म्हणतात?"

जिथे शिक्षणशास्त्राचा विभाग आहे तिथे एक मोजणीसर असतोच. कोल्हापुरात असतो, नांदेडात असतो, पणजीत असतो. अंगात पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात लाल-निळी-हिरवी पेनं, खांद्याला कोणत्या तरी राष्ट्रीय चर्चासत्रात मिळालेली पिशवी. आमच्या सरांच्या पिशवीत स्टेपलर, पंचिंग मशीन आणि प्रपत्रांचा एक राखीव संच कायम असतो. मेहुणीच्या लग्नात वरपक्षाकडचे तीन प्राध्यापक निघाले, तेव्हा पंगतीत वाढप्याच्या मागोमाग सर निघाले होते. वहिनींनी तेव्हापासून त्यांना मंगल कार्यालयात पिशवी आणू देणं बंद केलं आहे. आता ते प्रपत्रं खिशात घडी करून नेतात.

सरांनी आयुष्यभर काही ना काही मोजलंच आहे. नोकरीला लागले तेव्हा बुद्ध्यांक मोजत. पुढे मूल्यशिक्षण आलं, तेव्हा मूल्यं मोजली. गोलमनचं पुस्तक १९९५ साली आलं आणि भावनिक बुद्धिमत्तेची लाट आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचली, तेव्हा सरांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या भावना मोजल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जागोजागी सर्जनशीलता लिहून आली आणि सरांनी पिशवीतले कागद बदलले. पण ते सर्जनशीलता मोजत नाहीत, आणि कोणी तसं म्हटलं तर त्यांना राग येतो. "ते जुनं झालं," ते म्हणतात. "मी मोजतो ते प्राध्यापक सर्जनशीलतेला किती उत्तेजन देतात ते. आणि तेसुद्धा संस्कृती-संस्कृतीत तुलना करून."

जुनं म्हणजे काय, हेही ते सांगतात, आणि न विचारता सांगतात. १९५० साली जे. पी. गिलफर्ड अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी भाषणात मानसशास्त्रज्ञांची लाज काढली: संशोधनसूचीतल्या सुमारे १,२१,००० नोंदींपैकी सर्जनशीलतेवरच्या फक्त १८६! हा १८६ आकडा सर अशा आवाजात उच्चारतात की तुम्हालाही वाटावं, उरलेल्या नोंदी आपण लिहिल्या. मग १९६६मध्ये टॉरन्सच्या चाचण्या आल्या. आपल्याकडे १९७३मध्ये बाकर मेहदींची चाचणी आली, आणि ती आग्र्याहून छापील मिळू लागल्यावर एम.एड.च्या प्रबंधांचा प्रश्न कायमचा सुटला. आग्र्याचं नाव आमच्या धंद्यात ताजमहालासाठी घेतलं जात नाही आणि पेठ्यासाठीही नाही.

या जुन्या चाचण्यांमधला सरांचा लाडका प्रसंग म्हणजे वीट. विटेचे जास्तीत जास्त उपयोग लिहा, हा गिलफर्डच्या परंपरेतला प्रश्न. उत्तरं किती, किती प्रकारची आणि किती दुर्मीळ, यावर गुण. दुर्मीळ म्हणजे गटातल्या फार थोड्यांना सुचलेलं उत्तर. सर तरुण असताना त्यांनी हा प्रश्न पंढरपूरच्या बाजूच्या एका बी.एड. वर्गाला दिला. खाटेच्या पायाखाली ठेवायला, स्टंप म्हणून, तीन मांडून चूल करायला, चढावर ट्रकच्या चाकाला ओट लावायला, सार्वजनिक नळावर आपला नंबर धरून ठेवायला, अशी सरळ माणसांची सरळ उत्तरं आली. आणि वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकानं लिहिलं होतं: देवाला उभं राहायला.

"आता बघा," सर सांगतात तेव्हा अजून त्यांचे डोळे चमकतात, "जगातल्या कुठल्याही वर्गात हे उत्तर आलं असतं तर पोरगा प्रतिभावंत ठरला असता. टॉरन्स साहेब मिनेसोटात होते, तिथं एखाद्यानं लिहिलं असतं की युगानुयुगं परमेश्वर विटेवर उभा करून ठेवता येईल, तर साहेबांनी पूर्ण गुण दिले असते. इथं शून्य! का? तर सगळ्यांनीच लिहिलं." मग थोडं थांबून: "ट्रकवाल्या उत्तराला दोन दिले मी."

हा माणूस गमतीचा वाटतो, पण अडाणी नाही, हे मला त्या विटेपासून कळलं. मोजणीत कुठे काय चुकतं, हे सरांना सगळं ठाऊक आहे. तुम्ही एक दोष काढलात तर ते चार काढून देतात, सनावळीसकट. आणि मग प्रपत्र तुमच्या पुढे सरकवतात.

प्रपत्राचं मूळ परदेशी. आर्थर क्रॉपली यांनी नव्वदच्या दशकात सर्जनशीलता जोपासणाऱ्या शिक्षकाच्या नऊ वागणुकी सांगितल्या, आणि सिंगापूरच्या के चेंग सोह यांनी २०००मध्ये त्यावरून पंचेचाळीस विधानांची सूची बेतली, एकेका वागणुकीला पाच. मूळ सूची शाळेतल्या शिक्षकांपुरती होती. ती उच्च शिक्षणात आणि देशोदेशी फिरली. सरांनी मराठी केली आणि उत्तराला पाच पर्याय ठेवले: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुधा, नेहमी. भाषांतर बरोबर आहे का हे तपासायची ब्रिस्लिनची १९७०ची रीत सरांनी पाळली. म्हणजे एकानं मराठीत आणलेलं दुसऱ्यानं मूळ न बघता पुन्हा इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी ताडून बघायची. आमच्या इंग्रजीच्या विभागप्रमुखांनी हे काम दोन तासांत करून दिलं. एकही स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नव्हता. त्यांनी मूळ प्रपत्र शोधून तेच टंकून दिलं होतं. सरांनी अहवालात लिहिलं, "भाषांतर समाधानकारक".

त्या नऊ वागणुकी आमच्या स्टाफरूममध्ये नवग्रहांसारख्या सर्वांना पाठ आहेत. विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे शिकू द्यावं. एकमेकांत मिसळून काम करू द्यावं. ज्ञानाचा पाया पक्का करून घ्यावा. कल्पनेवर लगेच निकाल देऊ नये. विचारांत लवचिकता आणावी. स्वतःचं मूल्यमापन करायला शिकवावं. प्रश्न गांभीर्यानं घ्यावेत. निरनिराळं साहित्य आणि निरनिराळ्या परिस्थिती हाताळायची संधी द्यावी. अपयश पचवायला मदत करावी. यातली तिसरी वाचून आमचे इतिहासाचे सर भावुक झाले. तीस वर्षं ते सनावळ्या पाठ करून घेत आले आणि लोक त्याला घोकंपट्टी म्हणत. ते सर्जनशीलतेचं अधिष्ठान आहे हे त्यांना थेट सिंगापूरहून कळलं. चौथ्या वागणुकीत मोजणीसर स्वतः अव्वल आहेत. एका विद्यार्थिनीचा संशोधन आराखडा त्यांच्या कपाटात दोन पावसाळे पडून आहे. त्यावर त्यांनी अजून निकाल दिलेला नाही. आणि नववीसाठी आमच्या शिक्षकांना काही वेगळं करावं लागत नाही. ते काम विद्यापीठाचा परीक्षा विभाग बघतो.

आता गोम अशी की हे प्रपत्र शिक्षकानं स्वतःच स्वतःबद्दल भरायचं. "विद्यार्थी प्रश्न विचारतात तेव्हा मी लक्षपूर्वक ऐकतो" या धर्तीच्या विधानापुढे "कधीच नाही" अशी खूण करणारा माणूस अजून जन्मायचा आहे. सर ते जाणतात. त्यावर उतारा म्हणून १९६०मधली क्राउन आणि मार्लो यांची युक्ती त्यांनी वापरून पाहिली: प्रपत्रात अधूनमधून अशी विधानं पेरायची की ज्यांना देवमाणसालाही प्रामाणिकपणे होकार देता येणार नाही. होकार आला की समजायचं, हा गृहस्थ चांगलं दिसण्यासाठी भरतो आहे. एका प्राचार्यांच्या प्रपत्रात अशा झाडून सगळ्या विधानांना होकार निघाला. सर ते प्रपत्र उन्हाकडे धरून बघत म्हणाले, "एकतर हे संत आहेत, नाहीतर नॅकची तपासणी जवळ आलीय."

नॅक जवळ आलं होतं.

संस्कृती गोळा करण्याची सरांची मुख्य जागा म्हणजे उजळणी वर्ग, रिफ्रेशर कोर्स. बढतीसाठी तो करावाच लागतो, त्यामुळे केरळ, मणिपूर, बिहार, गुजरात असे देशभरचे प्राध्यापक एका सभागृहात सापडतात आणि हजेरीपत्रकामुळे कोणाला पळता येत नाही. मे महिन्यात, दुपारी जेवणानंतर, पंखे गरम हवा फिरवत असताना सर प्रपत्रं वाटतात. एकदा असाच मोठा गठ्ठा घेऊन ते परतले, रात्रभर आकडे भरले आणि सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मला ते विषयावरूनच हाक मारतात. "मराठी, आल्फा किती आला असेल?"

आल्फा म्हणजे क्रॉनबाख साहेबांनी १९५१ साली रूढ केलेला आकडा. प्रपत्रातली विधानं एकमेकांशी कितपत सूर धरतात ते तो सांगतो. तो ०.७च्या वर गेला की मार्गदर्शक सही करतो. सरांचा आला होता ०.९८.

मी अभिनंदन केलं. सरांनी मान हलवली आणि मूळ गठ्ठा पुढे टाकला. जवळजवळ प्रत्येक प्राध्यापकानं पंचेचाळीस विधानांवरून वरून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली होती. कोणाची "नेहमी"च्या रकान्यातून, कोणाची "बहुधा"च्या, एका बंगाली बाईंची "कधीकधी"च्या रकान्यातून थोडी झोकांड्या खात. वाचलं कोणीच नव्हतं. पण एकानं सगळीकडे पाच लिहायचे, दुसऱ्यानं सगळीकडे चार, तिसऱ्यानं सगळीकडे तीन, असं झालं की गणिताला वाटतं, काय हे विलक्षण सुसंगत प्रपत्र! प्रत्येक विधान दुसऱ्या प्रत्येक विधानाशी जुळतंय! "म्हणजे माणसं जितकी कंटाळलेली, तितकं माझं साधन विश्वासार्ह," सर म्हणाले. हसले नाहीत. पुढच्या महिन्यात एका संस्थेत अध्यक्ष स्वतः शेजारी उभे राहिले आणि सर्वांनी सर्वत्र "नेहमी" भरलं. तेव्हा संगणकानं आल्फा काढायलाच नकार दिला. सगळे सारखेच निघाले की त्याला मोजायला काही उरत नाही. सर त्या संस्थेबद्दल अजूनही आदरानं बोलतात.

इथं एक सांगितलं पाहिजे. ही प्रपत्रं सर स्वतः कधी भरत नाहीत. कितीएक प्रबंधांचा डेटा परीक्षेआधीच्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत दोन रंगांच्या पेनांनी आणि तीन प्रकारच्या अक्षरांत तयार होतो, हे या क्षेत्रात ज्याला माहीत नाही तो या क्षेत्रात नाही. सरांना ते जमत नाही. त्यांना खरोखरीच्या माणसानं खरोखर केलेली खूण लागते, मग ती झोपेत का केलेली असेना.

परदेशांची सोय करायला त्रास पडला. सिंगापूर आणि जपान ईमेलवरून मिळाले. जर्मनी भाच्याकडून मिळाला. भाचा आखेनला संशोधक आहे, त्यानं तिथल्या ओळखीच्या अध्यापकांकडून प्रपत्रं भरून पाठवली. सर खूश. मी नावं नसलेल्या त्या प्रपत्रांवरचे शेरे बघितले. एकानं शेवटी लिहिलं होतं, "काका, बाकी सर्व क्षेम". दोघं कोथरूडचे होते आणि एक सांगलीचा. सरांनी त्यांना जर्मन संस्कृतीत टाकलं. मी म्हटलं, अहो, पण ही आपली माणसं. सर म्हणाले, "पगार युरोमध्ये आहे."

संस्कृतींमधलं अंतर दाखवायला त्यांच्याकडे हॉफस्टेड आहे. या डच गृहस्थांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या नोकरांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून १९८०मध्ये ग्रंथ लिहिला आणि प्रत्येक देशाला आकडे दिले. त्यातला सत्ता-अंतराचा, म्हणजे वरचा आणि खालचा यांच्यातल्या अंतराचा, आकडा सरांच्या जिभेवर असतो. ऑस्ट्रिया ११, अमेरिका ४०, भारत ७७, मलेशिया १०४. शंभराच्या वर कसा, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "पट्टी आधी केली, मलेशिया नंतर आला." प्राचार्य मीटिंगला आले आणि सगळे खुर्च्या सरकवत उभे राहिले की सर उभं राहता राहता माझ्या कानाशी पुटपुटतात, "सत्त्याहत्तर." एकदा भूगोलाच्या बाईंनी वेळापत्रकावरून प्राचार्यांना तोंडावर विरोध केला, तेव्हा चहाच्या टपरीवर सर गंभीरपणे म्हणाले, "आज आपण चाळीसपर्यंत आलो होतो." दुसऱ्या दिवशी बाईंना शनिवारचे चारही तास मिळाले आणि आम्ही पुन्हा आपल्या आकड्यावर आलो.

पण गंमत हॉफस्टेडच्या पुढे आहे, आणि ती सरांनीच मला समजावली. १९९५मध्ये चेन, ली आणि स्टीव्हन्सन यांनी सेंदाई, तैपेई, मिनियापोलिस आणि अल्बर्टा इथल्या अकरावीच्या मुलांची उत्तरं ताडून पाहिली. जपान-तैवानची मुलं मधल्या रकान्यात जास्त रमत आणि अमेरिकी मुलं टोकाला जास्त जात. म्हणजे प्राध्यापक वर्गात काय करतो ते राहिलं बाजूला, कागदावर कुठे खूण करावी याचेही ज्या त्या देशाचे संस्कार असतात. दुसरं असं की "नेहमी" हे माणूस कोणाच्या मानानं म्हणतो? २००२मध्ये हाइन आणि सहकाऱ्यांनी यावर बोट ठेवलं. जपानी माणूस स्वतःची तुलना शेजारच्या जपान्याशी करतो, कॅनेडियन शेजारच्या कॅनेडियनाशी. आमच्या महाविद्यालयात शेजारच्या वर्गात पिवळ्या पडलेल्या वहीतून टिपणं सांगितली जातात, त्यामुळे टिपणं पांढऱ्या वहीतून सांगणारा स्वतःला क्रांतिकारक समजतो आणि "बहुधा"वर खूण करतो. तिकडे फिनलंडमधला कोणी शेजाऱ्याकडे बघून ओशाळतो आणि तोही "बहुधा"वरच येतो. दोघांची बेरीज सारखी.

"मग सर, हे कशाला करायचं?"

"तुलनात्मक आहे ना."

सरांच्या स्वतःच्या तासाबद्दल विद्यार्थ्यांची तक्रार नाही. तास व्यवस्थित होतो. सातव्या वागणुकीवर त्यांचा विशेष जोर, म्हणून त्यांच्या टेबलावर एक प्रश्ननोंदवही असते: अनुक्रमांक, दिनांक, प्रश्न, प्रश्नकर्त्याची सही, उत्तर दिल्याचा दिनांक. मागे एका मुलीनं हात वर केला. शिकवणं चालू होतं सर्जनशील विद्यार्थ्याच्या लक्षणांवर. ती म्हणाली, "सर, ज्याच्यात ही सगळी लक्षणं असतील तो आपल्या वर्गात बसेल का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी खडू ठेवला, वही उघडली, प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवला, सही घेतली. पुढच्या मंगळवारी त्यांनी उत्तर दिलं. ते असं होतं की १९९५ साली वेस्टबी आणि डॉसन यांनी प्राथमिक शिक्षकांना विचारलं, तेव्हा शिक्षक म्हणाले आम्हाला सर्जनशील मुलं आवडतात. प्रत्यक्षात त्यांच्या लाडक्या मुलांचे गुण सर्जनशील मुलांच्या गुणांच्या उलट निघाले. मुलगी म्हणाली, "म्हणजे नाही बसणार." सरांनी दिनांक टाकून नोंद बंद केली. त्या मुलीला अंतर्गत गुण चांगले दिले, हे मला गुणपत्रकावरून कळलं. शेरा होता: "शंका विचारते."

मी एकदा सुचवलं होतं की कागद सोडा, मुलांनी केलेलं कामच जाणकारांना दाखवा. सरांनी लगेच नाव सांगितलं: टेरेसा अमाबाइल, १९८२. जाणकारांनी एकमेकांशी न बोलता एकेक कलाकृती तोलायची आणि त्यांची मतं जुळतात का ते बघायचं. "उत्तम रीत," सर म्हणाले. "पण जाणकाराला जाण्या-येण्याचं भाडं आणि मानधन लागतं. खुणा फुकट मिळतात."

या सगळ्या ढिगात एक प्रपत्र निघालं, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. भरणारा तासिका तत्त्वावरचा. म्हणजे तासाप्रमाणे पैसे, तेही मागाहून, आणि सुट्टीत काही नाही. संख्याशास्त्र शिकवणारा. पंचेचाळीसपैकी बहुतेक ठिकाणी त्यानं "कधीकधी" केलं होतं, साहित्य हाताळण्याच्या पाचांपुढे "क्वचित". त्या महाविद्यालयातली सगळ्यात कमी बेरीज त्याची. दोनशे पंचवीसपैकी पूर्ण दोनशे पंचवीस उपप्राचार्यांची.

पण या गड्यानं कागद उलटून मागे लिहिलं होतं, बारीक अक्षरात, कडेपर्यंत. साहित्य म्हणाल तर खडू आहे, असं सुरू करून त्यानं सांगितलं होतं की नमुना-निवड शिकवायला पुस्तकातलं उदाहरण मुलांच्या डोक्यावरून गेलं, म्हणून त्यानं फळ्यावर लिहिलं: आपल्या गावात रोज संध्याकाळी किती भाकरी थापल्या जातात? मोबाइल बघायचा नाही. एका मुलानं मतदार यादीवरून सुरुवात केली. एक मुलगी म्हणाली, त्यापेक्षा गिरणीवाल्याला विचारू, दिवसाला ज्वारी किती दळतो. तिसरा म्हणाला, रेशनचा गहू आल्यापासून निम्मी घरं चपातीवर गेलीत, ते कोण वजा करणार? मग किलोच्या पिठात भाकरी दहा बसतात की बारा, यावरून दोन बाकांत जुंपली. शेतावर जाणाऱ्याची भाकरी आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याची भाकरी एकाच मापाची कशी धरायची, असा आक्षेप आला आणि त्यावर तास संपला. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं आईच्या परातीतल्या पिठाचं वजन थापायच्या आधी आणि नंतर करून आणलं होतं. शेवटी त्यानं लिहिलं होतं, "अभ्यासक्रम थोडा मागे राहिला, क्षमस्व."

सरांनी हे मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मध्येच थांबून म्हणाले, "शिकागोत एन्रिको फर्मी असंच विचारायचे, शहरात पियानो लावणारे किती म्हणून. याला ते माहीतही नसेल." पुन्हा वाचलं. मग प्रपत्र उलटं केलं, बेरीज बघितली, पुन्हा मागचं पान बघितलं. "माणूस चांगला आहे हो," ते म्हणाले. "पण स्कोअर नाही."

त्या आठवड्यात सर रजा टाकून एसटीनं तिकडे गेले. उपप्राचार्यांनी नारळ दिला, शाल दिली. सर मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी वर्गाचा विषय होता तालुक्याच्या आठवडी बाजारात किती माणूस येतं, आणि परतल्यावर सर मला तावातावानं सांगत होते की त्या पोरांनी बैलगाड्या धरल्या पण वडापवाल्या जीपा धरल्याच नाहीत, आणि एका जीपमध्ये किती माणूस बसतं याला वरची मर्यादा नाही हा मुद्दा त्यांनी स्वतः उभं राहून मांडला, तर एक पोरगा म्हणाला, "सर, टपावरचे वेगळे मोजायचे." सर त्या पोरावर बेहद्द खूश होते. प्रपत्रं वाटायची राहून गेली होती.

मला वाटलं होतं, आता हे थांबणार. पंधरा दिवसांनी सर स्टाफरूममध्ये आले, दारातच अंगठ्याला थुंकी लावली. प्रपत्र नवं होतं. क्रॉपली साहेबांच्या नऊ वागणुकींत दहावी जोडली होती, "परिसरनिष्ठ अनुमान", तिची पाच विधानं, एकूण पन्नास. पहिलं विधान: "ज्याचं उत्तर पुस्तकात नाही असा परिसरातील प्रश्न मी वर्गाला देतो." आमच्या इतिहासाच्या सरांनी न वाचता "नेहमी" केलं. इंग्रजीच्या विभागप्रमुखांनी "नेहमी" केलं. मी "क्वचित" केलं, तर सर म्हणाले, तुमच्यामुळे सरासरी पडते.

नव्या दहावीचा आल्फा ०.४१ आला. सर तीन दिवस उदास होते. मग सोलापूरकडचं टपाल आलं. पाकीट फोडून त्यांनी सरळ शेवटचं पान काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. ज्याच्या वर्गावरून ती पाच विधानं बेतली होती, त्या गृहस्थानं पाचही ठिकाणी "कधीकधी" केलं होतं.

"विधानं बदलावी लागतील," सर म्हणाले, आणि हिरवं पेन काढलं.